न्यायदेवता थेमिस : विद्यार्थ्यांना ओळख कशी करून द्यावी?

थेमिस ही ग्रीक पुराणकथांतील सुव्यवस्था आणि न्याय यांची देवता. डोळ्यांवर पट्टी, एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात तलवार असलेली न्यायदेवता मुलांनी हिंदी चित्रपटांत पाहिलेली असते. तिचे मूळ थेमिसपर्यंत जाते. मात्र पट्टी पाहून ‘कायदा आंधळा असतो’ एवढेच मुलांच्या लक्षात राहते. हा गैरसमज दूर करणे हा या पाठाचा मुख्य हेतू असावा.

थेमिस कोण?

ग्रीक कवी हीसिअडच्या ‘थिऑगनी’ या काव्यानुसार थेमिस ही युरेनस (आकाश) आणि गाया (पृथ्वी) यांची कन्या व झ्यूसची दुसरी पत्नी. युनोमिया (सुव्यवस्था), डिके (न्याय) आणि आयरीनी (शांती) या तिच्या मुली. थेमिस म्हणजे सृष्टीचा मूळ नियम, तर डिके म्हणजे माणसामाणसांतील न्याय, असा फरक सांगता येतो. वेदांतील ‘ऋत’ ही कल्पना थेमिसच्या जवळ जाते. रोमन लोकांनी न्यायदेवतेला ‘युस्टिशिया’ म्हटले.

पट्टी कुठून आली?

प्राचीन थेमिसच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती. ग्रीसमधील ऱ्हामनूस येथे सापडलेली, इ. स. पू. ३०० च्या सुमाराची तिची मूर्ती उघड्या डोळ्यांची आहे. तराजू रोमन नाण्यांवर समन्यायाच्या देवतेच्या हाती दिसतो. पट्टी फार उशिरा आली, तीही थट्टा म्हणून. १४९४ साली बाझेल येथे छापलेल्या सेबास्टियन ब्रांटच्या ‘मूर्खांचे जहाज’ या पुस्तकातील चित्रात एक विदूषक न्यायदेवतेचे डोळे बांधताना दाखवला आहे. पुढे सोळाव्या शतकात याच पट्टीला ‘समोर कोण आहे हे न पाहता न्याय करणे’ असा चांगला अर्थ मिळाला.

मुंबईतील न्यायदेवता

अंधेरी-बोरिवलीहून चर्चगेटला किंवा घाटकोपर-मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की मुंबई उच्च न्यायालय चालत गाठता येते. १८७१ ते १८७८ या काळात बांधलेल्या या इमारतीच्या माथ्यावर ‘न्याय’ आणि ‘दया’ असे दोन पुतळे आहेत. इमारत २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. सहलीत मुलांना ओव्हल मैदानावरून हे पुतळे दाखवावेत आणि न्यायासोबत दया का ठेवली असेल, ते विचारावे. शक्य असल्यास दुर्बीण न्यावी. पुतळ्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे की नाही, हे मुलांनी स्वतः पाहून वहीत लिहावे.

उघडे डोळे

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश ग्रंथालयातील नवा पुतळा ऑक्टोबर २०२४ मध्ये चर्चेत आला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या सूचनेवरून तो घडवण्यात आला. ही न्यायदेवता साडी नेसलेली आहे, तिचे डोळे उघडे आहेत, एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात तलवारीऐवजी राज्यघटना आहे.

वर्गात काय विचारावे?

पट्टी बरी की उघडे डोळे, हा प्रश्न मुलांच्या ओळखीच्या उदाहरणाने सोडवता येतो. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते. तपासणाऱ्याला मुलगा कोणाचा, कोणत्या शाळेचा हे कळत नाही. ही झाली पट्टी. त्याच परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो. त्यासाठी त्याची अडचण कोणीतरी पाहावीच लागते. हे झाले उघडे डोळे.

यानंतर मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने पट्टीची, दुसऱ्याने उघड्या डोळ्यांची बाजू मांडावी आणि दर वेळी शाळेतील किंवा सोसायटीतील एक प्रसंग सांगावा. शेवटी राज्यघटनेचे चौदावे कलम वाचून घ्यावे. कायद्यापुढे सर्व समान आणि कायद्याचे संरक्षणही सर्वांना समान, अशा दोन्ही गोष्टी त्यात आहेत. पहिलीला पट्टी लागते, दुसरीला डोळे. हे मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगता आले, म्हणजे थेमिसचा पाठ समजला.