डॉलरला डॉलरच राहू द्या

‘प्रिय $नाव, तुमचं बिल $रक्कम रुपये आहे.’ आपल्या फोनवर येणारे मेसेज अशाच साच्यांतून तयार होतात. डॉलरचं चिन्ह दिसलं की प्रोग्रॅम समजतो, इथे माहिती भरायची. पण मजकुरात खरोखर डॉलरच हवा असेल तर? पायथॉनच्या टेम्प्लेटमध्ये तो दोनदा लिहायचा: $$. आम्ही याला ‘एस्केप करणं’ म्हणतो.

ही युक्ती जुनी आहे. पुढच्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ बदलणारं ‘एस्केप’ आणि उलटी तिरकी रेघ (\), दोन्ही अ‍ॅस्कीत यावीत म्हणून आयबीएमच्या बॉब बीमर यांनी खटपट केली. १९६३च्या अ‍ॅस्कीत दोन्ही आली. गंमत म्हणजे रेघ हवी होती ती अल्गोल भाषेतली ‘आणि’ व ‘किंवा’ची चिन्हं (/\ आणि \/) जोडून काढण्यासाठी. बेल लॅब्जमधल्या बी भाषेत एस्केपचं काम तारका करायची. डेनिस रिची यांच्या सी भाषेत ते या रेघेकडे आलं. मग खुद्द रेघ छापायची तर तीही दोनदा लिहिणं आलं.

१९७९च्या बोर्न शेलनं डॉलरचा साचा रुळवला आणि एक शिस्तही पाळली. भरलेल्या माहितीत डॉलर सापडला, तरी शेल त्याची पुन्हा भरणी करत नाही. तसं हवंच असेल, तर ‘इव्हॅल’ म्हणून मुद्दाम सांगावं लागतं.

ही शिस्त सुटली की काय होतं, ते डिसेंबर २०२१मध्ये दिसलं. जावाच्या जगात नोंदी ठेवायला सर्रास वापरली जाणारी लॉगफोरजे लायब्ररी तयार झालेली नोंद पुन्हा वाचून त्यात डॉलर आणि महिरपी कंस शोधायची. त्यामुळे परक्यानं पाठवलेला मजकूरही हुकूम ठरायचा. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकली, की सर्व्हर परक्या पत्त्यावरून कोड आणून चालवू शकत होता. धोक्याला १०पैकी १० गुण मिळाले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. तो शनिवार-रविवार आमच्या टीमनं ही लायब्ररी कुठे कुठे दडली आहे, हे शोधण्यात घालवला.

यावर ‘येणारा प्रत्येक डॉलर एस्केप करा’ हे उत्तर पुरेसं नव्हतं. एखादी वाट राहून जातेच. काही दिवसांतच आलेल्या २.१६.० आवृत्तीनं नोंदीच्या मजकुरातली ही भरणीच काढून टाकली. म्हणून कोड तपासताना मी आधी एवढंच बघतो: साचा कुणी लिहिला, माहिती कुठून आली, आणि भरल्यावर ती कुणी पुन्हा वाचतंय का?