डोळे येणे : रुग्णतपासणी आणि परिचर्या

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू झाकणाऱ्या पातळ आवरणाचा (नेत्रश्लेष्मलेचा) दाह. विषाणू, जीवाणू, अ‍ॅलर्जी, धूर किंवा रसायने यांमुळे तो होतो. प्रौढांमध्ये विषाणूजन्य प्रकार, त्यातही अडेनोव्हायरसचा, सर्वाधिक आढळतो. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्यामुळे परिचारिकेचे कसब दोन गोष्टींत लागते : लाल डोळ्यांच्या रांगेतून दृष्टीला धोका असलेला डोळा वेळेवर हेरणे आणि लागण दुसऱ्यापर्यंत पोहोचू न देणे.

साथींचा इतिहास हेच सांगतो. डोळ्यात रक्त उतरवणारा एक तीव्र प्रकार १९६९ मध्ये घानात प्रथम नोंदला गेला. अपोलो ११ चांद्रमोहिमेच्या सुमारास आल्याने लोक त्याला ‘अपोलो’ म्हणू लागले. १९७१ मध्ये ही साथ भारतात पसरली. बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ हे नाव पडले. त्या साथीनंतर मुंबईत काही रुग्णांच्या पायांतली शक्ती गेल्याचे चेताविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले. असे क्वचितच घडते, तरीही रक्ताळलेल्या डोळ्यांची साथ असताना पाठदुखी किंवा पायांतल्या अशक्तपणाची चौकशी करावी. महाराष्ट्रात २०२३ च्या पावसाळ्यातही डोळ्यांची मोठी साथ आली होती.

तपासणीची सुरुवात औषधाच्या थेंबाने नव्हे, दृष्टी मोजण्याने होते. चष्मा असल्यास तो लावून, सहा मीटरवरच्या तक्त्यावर प्रत्येक डोळा वेगळा तपासावा. तक्ता नसेल तर बोटे मोजायला सांगावीत. चिपडांमुळे आलेला धूसरपणा डोळे पुसल्यावर किंवा उघडझाप केल्यावर जातो. तसा न जाणारा धूसरपणा हा धोक्याचा इशारा आहे.

मग प्रश्न. आधी कोणता डोळा आला? घरात, वर्गात आणखी कोणाचे आले आहेत? काय येते : पाणी, चिकट स्राव की पिवळा-हिरवा पू? पाणी गळणे आणि कानापुढची गाठ सुजणे विषाणूकडे बोट दाखवते. सकाळी पापण्या चिकटून बसणे आणि दिवसभर पू येत राहणे जीवाणूकडे. दोन्ही डोळ्यांना अनावर खाज असेल तर अ‍ॅलर्जीचा विचार करावा. ही लक्षणे एकमेकांत मिसळतात, म्हणून नुसत्या स्रावावरून खात्रीने निदान करू नये.

खरा डोळसपणा पुढे लागतो. वाळू गेल्यासारखे खुपणे या आजारात असतेच. पण ठणका, उजेड अजिबात न सोसणे, बुबुळावर पांढरा ठिपका, बाहुलीचा वेडावाकडा आकार किंवा बुबुळाभोवतीच दाटलेली लाली दिसली तर रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यालाही. शेतकऱ्याला, ऊसतोड कामगाराला उसाचे पाते किंवा ज्वारीचे कूस लागले होते का, हे विचारलेच पाहिजे. ‘डोळे आलेत’ म्हणून आलेल्या अशा रुग्णाला बुबुळावर बुरशीचा व्रण असू शकतो. मेडिकलमधून परस्पर कोणते थेंब घेतले, तेही पाहावे. स्टेरॉइडचे थेंब लाली झटकन उतरवतात. मात्र बुरशीचा किंवा हर्पीसचा संसर्ग त्यांनी बळावतो आणि दृष्टी जाऊ शकते.

शुश्रूषेत सर्वांत महत्त्वाचे हात. प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर ते साबण-पाण्याने धुवावेत. अडेनोव्हायरसवर अल्कोहोलच्या द्रावणाची खात्री देता येत नाही. हा विषाणू पृष्ठभागांवर बरेच दिवस टिकतो, म्हणून खुर्ची, दाराची मूठ, तपासणीची उपकरणे यांचे निर्जंतुकीकरण नेमाने व्हावे. कमी बाधित डोळा आधी स्वच्छ करावा. निर्जंतुक सलाइनचा बोळा नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवून टाकून द्यावा. डोळा धुताना मान बाधित डोळ्याच्या बाजूला कलती ठेवावी, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. औषध घालताना खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, तो पुरतो. बाटलीचे टोक कशालाही टेकवू नये. दोन औषधांत पाच मिनिटे जाऊ द्यावीत, मलम शेवटी. पट्टी बांधू नये. तिच्याखाली स्राव साचतो.

घरी गार पाण्याच्या घड्या, वेगळा टॉवेल, वेगळी उशी. काजळ आणि गुलाबपाणी बंद. नजरेला नजर भिडल्याने लागण होत नाही, ती हात आणि वस्तूंतून होते. काळ्या चष्म्याने उजेड सुसह्य होतो, संसर्ग अडत नाही. हे समजावताना रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वाटू नये, हीसुद्धा परिचर्याच आहे.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी आणि तातडीची. जन्मानंतर पहिल्या २८ दिवसांत डोळे लाल होऊन पू आला तर वाट पाहू नये. गोनोकोकसचा संसर्ग बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी उफाळतो आणि बुबुळाला लवकर भोक पाडू शकतो. क्लॅमिडियाचा सहसा पाचव्या ते चौदाव्या दिवसांत दिसतो. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजातांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत रूढ करून गोनोकोकसमुळे येणारे अंधत्व फार मोठ्या प्रमाणात रोखले. सुजलेल्या पापण्या उघडताना पू उडू शकतो. परिचारिकेने हातमोजे आणि संरक्षक चष्मा घालावा, बुबुळावर दाब देऊ नये. डोळ्यात अंगावरचे दूध घालण्याची रीत थांबवावी, स्तनपान मात्र चालू ठेवावे. गोनोकोकस आणि क्लॅमिडिया या दोन्ही संसर्गांत थेंब पुरत नाहीत : बाळाला इंजेक्शन किंवा पोटातून औषध द्यावे लागते, आणि आई व तिच्या जोडीदारावरही उपचार करावे लागतात.