माहेरची गुरुकी

अथेन्स नांवाचीं दोन शहरें आहेत. एक ग्रीसमधलें, तें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. दुसरें अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानांत, एका जुन्या विद्यापीठाच्या आश्रयानें वाढलेलें. त्या विद्यापीठाची सनद १७८५ सालची आहे. कोर्टनी कुपेट्स या कसरतपटू मुलीच्या आयुष्यांत हीं दोन्ही शहरें आलीं. पहिल्यांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, ती २००४ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत खेळली. अमेरिकन संघाबरोबर तिला रौप्यपदक मिळालें आणि असमान दांड्यांवरील कसरतींत स्वतःचें कांस्यपदक मिळालें. दुसऱ्यांत ती शिकली, अजिंक्य ठरली, पदवी घेऊन गेली, कांहीं वर्षांनीं मुख्य शिक्षिका म्हणून परत आली आणि सात वर्षांनंतर तेथून बाहेर पडली. जगाच्या दृष्टीनें पहिलें अथेन्स मोठें खरें. परंतु तिच्या चरित्रांत विचार करण्याजोगें जें कांहीं आहे तें दुसऱ्यांत घडलें.

तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. अमेरिकन विद्यापीठांत मुलांच्या खेळांचा बडेजाव फार जुना आहे. मुलींच्या वांट्यास बहुधा उरलेसुरलें येत असे. १९७२ सालीं तेथील शिक्षणविषयक कायद्यांत एक कलम आलें कीं, सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेनें स्त्रीपुरुषभेद करूं नये. गंमत अशी कीं, त्या कलमांत खेळाचा उल्लेखही नाहीं. तरी त्याच्या आधारें मुलींना संघ मिळाले, शिष्यवृत्त्या मिळाल्या, मैदानें मिळालीं. प्रारंभीं हा सारा कारभार स्त्रीशिक्षिकांनीं स्थापिलेल्या एका स्वतंत्र मंडळाकडे असे. १९८२ च्या सुमारास पुरुषांच्या खेळांचें नियमन करणाऱ्या बड्या संघटनेनें मुलींचे सामनेही आपल्याकडे घेतले आणि तें मंडळ बुडालें. याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १९७२ सालीं विद्यार्थिनींच्या संघांच्या शिक्षकांपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पगार वाढले, मान वाढला आणि तें प्रमाण निम्म्याच्याही खालीं आलें. मुलींना खेळावयास मिळालें, पण शिकविण्याची जागा हातची गेली. म्हणून एखादी माजी विद्यार्थिनी आपल्याच विद्यापीठांत गुरुस्थानीं बसते, तेव्हां ती केवळ एका व्यक्तीची नेमणूक राहत नाहीं.

जॉर्जियांत मात्र ही जागा एका स्त्रीनें दीर्घकाळ गाजविली होती. सुझान योकुलन या बाईंनीं पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथील संघ घडविला आणि त्याला दहा राष्ट्रीय विजयपदें मिळवून दिलीं. पहिलें १९८७ सालचें. त्यानें यूटा विद्यापीठाची सलग पांच वर्षांची मक्तेदारी मोडली. शेवटचीं पांच लागोपाठ, २००५ पासून २००९ पर्यंत. या अखेरच्या पांचांपैकीं चारांत कोर्टनी होती.

विद्यापीठांतील या खेळाची रीत ऑलिंपिकहून निराळी आहे. प्रत्येक साधनावर सहा मुली उतरतात व त्यांतील उत्तम पांचींचे गुण धरले जातात. साधनें चार, म्हणून पूर्ण गुण २००. एकीच्या कसरतीचे पूर्ण गुण १०. योगायोग असा कीं, २००६ सालीं आंतरराष्ट्रीय खेळांतून हा '१०' काढून टाकण्यांत आला आणि त्याच वर्षीं कोर्टनी विद्यापीठाच्या संघांत उतरली, जेथें तो आजही टिकून आहे. तोलाची पट्टी मात्र दोन्हीकडे तीच: पांच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदीला अवघी दहा सेंटिमीटर.

या मुलीची चिकाटी सांगण्यासारखी आहे. टांचेच्या ज्या स्नायुबंधास ग्रीक वीर अकिलीसचें नांव आहे, तो २००३ सालच्या जागतिक सामन्यांच्या वेळीं सरावांत तुटला. पुढच्याच वर्षीं तिनें अमेरिकेचें अजिंक्यपद कार्ली पॅटर्सनबरोबर वांटून घेतलें व ऑलिंपिक गांठलें. विद्यापीठांत २००६ आणि २००७ सालीं ती सर्वांगीण कसरतींत राष्ट्रांत पहिली आली. २००८ सालीं पुन्हां टांचेनें दगा दिला. २००९ सालीं ती परतली आणि तें पद तिसऱ्यांदा जिंकलें. एकूण नऊ वैयक्तिक विजयपदें तिच्या नांवावर आहेत आणि चारींपैकीं एकही साधन त्यांत सुटलेलें नाहीं. त्या वर्षाची देशांतील सर्वश्रेष्ठ विद्यार्थिनी-खेळाडू म्हणून तिचा गौरव झाला. त्याच वर्षीं योकुलनबाई निवृत्त झाल्या. गुरु आणि शिष्या एकाच दारानें, एकाच वाद्यांच्या गजरांत बाहेर पडल्या.

मागें राहिलेल्यांची स्थिति कठीण झाली. पुढच्याच वर्षीं संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यांपर्यंत पोहोचूंही शकला नाहीं. आठ वर्षांत दोन मुख्य शिक्षक आले आणि गेले. विजयाची संवय लागलेल्या घरास साधें चांगलें जेवण गोड लागत नाहीं, तशांतला हा प्रकार. अखेर २०१७ च्या मे महिन्यांत विद्यापीठानें तीस वर्षांच्या कोर्टनीस बोलाविलें. येथून पुढें त्यांस कोर्टनीबाई म्हणणें प्राप्त आहे. त्यांनीं यापूर्वीं कोठेंही मुख्य शिक्षिकेचें काम केलेलें नव्हतें. योकुलनबाई कांहीं काळ विनावेतन मदतीस आल्या. जुने दिवस अक्षरशः घरीं परतले आहेत, असें लोकांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

माझ्या मतें घोटाळा नेमका येथेंच आहे. लेक माहेरीं चार दिवसांसाठीं येते तेव्हां तिचें कौतुक होतें. तीच घर चालवावयास आली कीं दुधातुपाचा हिशेब तिच्याकडे मागितला जातो, आणि तोही तिच्या लहानपणच्या सुबत्तेशीं ताडून. कोर्टनीबाईंच्या संघांची तुलना इतर विद्यापीठांच्या संघांशीं व्हावी; ती त्यांच्या स्वतःच्या २००९ सालाशीं होत राहिली.

थोर खेळाडूस शिकवितां येत नाहीं, हें एक ठरीव वाक्य अशा वेळीं कोणीतरी म्हणतोच. मला तें पटत नाहीं. २०१८ आणि २०१९ या पहिल्या दोन्ही वर्षीं त्यांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यांस गेला, आणि त्यांतील दुसऱ्या वर्षीं तर तेथें बाराऐवजीं आठच संघांस प्रवेश होता. पुढें २०२० चा हंगाम साथीमुळें अर्ध्यावर बंद पडला. २०२१ सालीं नियमच पालटले: खेळाडूस आपल्या नांवलौकिकावर पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली आणि एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाणें पूर्वीपेक्षां पुष्कळ सोपें झालें. योकुलनबाईंच्या काळीं निवडलेली मुलगी बहुधा चार वर्षें हाताखालीं राहत असे; आतां शिक्षकानें दर वर्षीं नवी मोट बांधावयाची. हा बदल सर्वांसच सोसावा लागला, हेंही खरें. कित्येकांनीं तो सोसून संघ राखले. जॉर्जियाचा संघ मात्र २०२१ ते २०२४ या चार वर्षांत एकदांही अंतिम सामन्यांत दिसला नाहीं. त्या अपयशाचा वांटा मुख्य शिक्षिकेकडे जातो. तो नाकारण्यांत अर्थ नाहीं.

ताडून पाहण्यास एक उदाहरण यूटाचें आहे. मेगन मॅक्कनिफ ही तेथील विद्यार्थिनी १९८३ आणि १९८४ अशी दोन वर्षें राष्ट्रांत सर्वांगीण अजिंक्य होती. पदवीनंतर तिनें तेथेंच दुय्यम शिक्षिकेचें काम धरलें. मुख्य शिक्षक ग्रेग मार्सडेन यांच्याशीं तिचा विवाह झाला. सारें श्रेय त्यांच्याकडे जाई आणि मेगनबाई तोलपट्टीशेजारीं उभ्या राहून मुली तयार करीत. कागदावर मुख्य शिक्षिकेचा बरोबरीचा मान त्यांस मिळाला तो २०१० च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांच्या उमेदवारीनंतर! ग्रेग २०१५ सालीं निवृत्त झाले, त्या २०१९ सालीं. पंचवीस वर्षें दुय्यम राहणें हा न्याय होता असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्या काळांत हंगामामागून हंगाम पाहावयास, चुकावयास आणि चूक दुसऱ्याच्या नांवावर जाऊं द्यावयास त्यांस सवड मिळाली. कोर्टनीबाईंस अशी सवड एक दिवसही मिळाली नाहीं. त्यांची पहिली चूकही हजारों प्रेक्षकांसमोर, स्वतःच्या विजयांच्या आठवणींखालीं व्हावयाची होती. एकीला फार उशिरां दिलें, दुसरीला फार लवकर. आणि दोन्ही वेळां देणारी मातृसंस्थाच होती.

२०२४ च्या एप्रिल महिन्यांत कोर्टनीबाईंचा करार पुढें चालूं ठेवण्यांत आला नाहीं. त्यांच्या जागीं सेसिल लांडी आणि रायन रॉबर्ट्स या दोघांस बरोबरीनें नेमण्यांत आलें. लांडीबाई जन्मानें फ्रेंच असून सिमोन बाइल्स हिच्या शिक्षिका म्हणून जगास ठाऊक झालेल्या आहेत. जॉर्जियाच्या संघांत त्या कधीं खेळल्या नाहींत. त्या प्रांताशीं त्यांचा जुना संबंध एवढाच कीं, १९९६ सालीं अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत त्या फ्रान्सतर्फे तोलपट्टीवर चढल्या होत्या. तें शहर या अथेन्सपासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे.