चार फूट पाणी

आमची नात मिनेसोटात असते. थंडी पडली की तिचा फोन येतो, "आजी, तळं गोठलं!" मग स्केटिंग, बर्फाला भोक पाडून मासे पकडणं, सगळं रंगवून सांगते. इकडे माझ्या पोटात गोळा येतो.

मला आठवतं ते लंडनचं तळं. काही वर्षांपूर्वी भाच्याकडे गेले होते, तेव्हा रीजेंट्स पार्कमध्ये बदकं बघत बसले होते. भाचा म्हणाला, "मावशी, या तळ्यात एका दुपारी चाळीस माणसं गेली." मला खरंच वाटेना. घरी येऊन वाचून काढलं.

गोष्ट जानेवारी १८६७ ची. तळं गोठलेलं, लोक स्केटिंगला लोटलेले. १४ तारखेला बर्फ फुटून २१ जण पाण्यात पडले, पण सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याच बर्फावर पुन्हा शेकडो लोक! काल वाचले, म्हणजे आजही वाचू, असंच वाटलं असणार. बर्फ फुटला आणि सुमारे २०० जण पाण्यात गेले. तळं बारा फूट खोल, अंगावर जड गरम कपडे, पायाला बांधलेले स्केट्स, आणि पोहता फार थोड्यांना येणारं. रॉयल ह्युमेन सोसायटीची माणसं शिड्या नि दोर घेऊन काठावर हजर होती, तरी ४० जण दगावले. सगळी प्रेतं काढायला आठवड्याहून जास्त लागला.

पण मला मोलाचं वाटलं ते पुढचं. तळं उपसून तळ भरून घेतला आणि खोली चार फुटांवर आणली. माणसं ऐकणार नाहीत, बर्फावर जाणारच, हे धरून चालले आणि पडला तरी उभा राहील एवढंच पाणी ठेवलं.

हे वाचलं आणि माझ्या शाळेची एक सहल आठवली. मुलांना मी दहादा बजावलं होतं, "पाण्याजवळ जायचं नाही." सातवीतला एक मुलगा गेलाच, आणि शेवाळावरून घसरून तलावात पडला. काठावर म्हशी धूत असलेल्या एका माणसाने त्याला ओढून काढलं. मी दोर नेला नव्हता, पाणी किती खोल आहे हेही कुणाला विचारलं नव्हतं. बजावलं की आपलं काम संपलं, अशी माझी समजूत! त्या माणसाचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. ते अजून टोचतं.

असो. नातीला मी "जाऊ नको" म्हणत नाही. विचारते, बर्फ ठिकठिकाणी भोक पाडून मोजला का? चालायला स्वच्छ, नवा बर्फ निदान चार इंच हवा. पांढरट बर्फ निम्माच भक्कम, आणि झरा किंवा प्रवाह असेल तिथे तो पातळच. एकटी नाहीस ना? दोर आहे? आणि पडलीसच, तर आलीस त्याच बाजूला तोंड कर, पाय मारत छातीवर बर्फावर ये, उभी न राहता लोळत मागे जा.

परवा ती म्हणाली, "आजी, तू कधी बर्फावर चालली तरी आहेस का?"

नाही गं बाई. पण तलावाकाठी उभी राहिले आहे.