बुटका आफ्रिकी बेडूक : फिश टँकमधील सोबती मासे

बुटका आफ्रिकी बेडूक हा आयुष्यभर पाण्यातच राहणारा लहान पाळीव बेडूक आहे. शोभेच्या माशांच्या व्यापारात तो ‘ड्वार्फ फ्रॉग’ या नावाने ओळखला जातो. माशांबरोबर एकाच टाकीत सांभाळता येतील असे बेडूक थोडेच असून त्यांत याचा क्रमांक वरचा लागतो. त्याचे सोबती निवडताना माशाचे आकारमान, स्वभाव, त्याला लागणारे तापमान आणि खाण्याचा वेग या गोष्टी पाहतात. त्यांपैकी खाण्याच्या वेगाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि बेडूक दगावण्यामागे बहुधा तेच कारण निघते.

वर्गीकरण व अधिवास : हा बेडूक पायपिडी कुलातील हायमेनोकायरस प्रजातीचा आहे. ही प्रजाती बूलेंजर यांनी १८९६ मध्ये स्थापन केली. तिच्यात चार जाती असून पाळण्यासाठी मुख्यतः हायमेनोकायरस बोएटगेरी आणि हायमेनोकायरस कर्टिपिस या दोन जाती विकल्या जातात. पहिली जाती नायजेरिया व कॅमेरूनपासून गॅबन आणि काँगोच्या खोऱ्यापर्यंत आढळते, तर दुसरी काँगो नदीच्या खालच्या टप्प्यातील प्रदेशात. जंगलातील उथळ डबकी, संथ ओढे व पाणथळ जागा हे त्यांचे मूळ घर. तिथे पाणी फारसे वाहत नाही आणि तळाशी पालापाचोळा साचलेला असतो. टाकीतील सोय आणि सोबती यांची निवड याच परिस्थितीला धरून करावी लागते.

शरीररचना व सवयी : पूर्ण वाढलेला बेडूक साधारण ३ ते ४ सेंमी. लांब असतो. त्याच्या चारही पायांना पडदे असतात आणि मागच्या पायांच्या काही बोटांवर काळी नखे असतात. त्याला जीभ नसते. भक्ष्य अगदी तोंडाजवळ आले की तो एकदम जबडा उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो. नजर अधू असल्याने अन्नाचा माग तो वासावरून आणि पाण्यातील हालचालीवरून काढतो. फुप्फुसांनी श्वास घेत असल्यामुळे त्याला थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावी लागते. म्हणून टाकीतील पाण्याची खोली ३० सेंमी.च्या आसपास ठेवतात आणि झाकण व पाणी यांमध्ये हवेसाठी मोकळी जागा सोडतात. झाकणाला फट राहिली तर बेडूक बाहेर पडतो आणि कोरडा पडून मरतो. चांगली निगा राखल्यास तो पाच वर्षे किंवा त्याहून अधिक जगतो.

खरेदीच्या वेळची ओळख : त्याच कुलातील झेनोपस लीव्हिस हा नखवाला बेडूक पिल्लू असताना बुटक्या बेडकासारखाच दिसतो आणि कधीकधी त्याच नावाखाली विकला जातो. दोघांतील फरक पुढच्या पायांवरून कळतो. बुटक्याच्या पुढच्या बोटांमध्येही पडदा असतो, झेनोपसची पुढची बोटे मात्र सुटी असतात. झेनोपसचे डोळे डोक्याच्या माथ्यावर, तर बुटक्याचे बाजूंना असतात. बाजारातील पांढरे किंवा गुलाबीसर, लाल डोळ्यांचे बेडूक बहुधा झेनोपसच असतात. झेनोपसची मादी १० सेंमी.पेक्षा मोठी होते आणि तोंडात मावेल तो मासा गिळते. त्यामुळे त्याला सोबती न देता स्वतंत्र टाकीतच ठेवावे लागते.

सोबती निवडण्याचे निकष : (१) तोंडाचे माप : बेडूक ज्याच्या तोंडात मावेल असा मासा टाकीत नको, आणि बेडकाच्या तोंडात मावेल असा मासा वाचण्याची आशा नको. (२) तापमान : बेडकाला २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान आणि ६.५ ते ७.५ सामू मानवतो. सोबत्यालाही तेच मानवायला हवे. (३) प्रवाह : जोरदार प्रवाहाची गरज असलेले मासे टाळावेत. अशा टाकीसाठी स्पंज फिल्टर सोयीचा पडतो. (४) खाण्याचा वेग : मासा शांत असला तरी खाण्यावर तुटून पडणारा नसावा. (५) संख्या : दोन-तीन बेडकांना ४० लिटरची टाकी पुरते. माशांचा छोटा थवा ठेवायचा तर ६० ते ८० लिटरची टाकी घ्यावी.

योग्य सोबती : पाण्याच्या वरच्या व मधल्या थरात थव्याने फिरणारे छोटे मासे सर्वांत सोयीचे. नियॉन टेट्रा, एम्बर टेट्रा, हार्लेक्विन रासबोरा हे त्यांपैकी. बेडूक बराच वेळ तळाशी असतो, त्यामुळे दोघांचा एकमेकांना फारसा अडथळा होत नाही. गप्पी मासे नगरपालिकांच्या आरोग्य विभागांनी डास-निर्मूलनासाठी हौद-विहिरींत सोडल्याने महाराष्ट्रात घराघरांत माहीत आहेत. बेडकाबरोबर तेही चांगले राहतात. मात्र त्यांना किंचित अल्कधर्मी पाणी आवडते, म्हणून सामू ७ ते ७.५ दरम्यान ठेवावा. गप्पींची नवजात पिल्ले बेडूक खातो. तळाशी राहणारे छोटे कोरीडोरास व ओटोसिंक्लस स्वभावाने निरुपद्रवी असतात. पण कोरीडोरास बेडकाच्याच जागी अन्न शोधतो, म्हणून त्याच्याबरोबर बेडकाला हाताने भरवणे आवश्यक ठरते. नेराइट गोगलगाय चालते. पूर्ण वाढलेल्या चेरी कोळंब्या टिकतात, त्यांची पिल्ले टिकत नाहीत.

मर्यादित योग्य सोबती : भारतीय बाजारात ‘फायटर’ म्हणून विकला जाणारा बेटा बेडकाबरोबर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तापमान, संथ पाणी व हवा घेण्याची सवय या बाबतींत दोघे जुळतात. परंतु प्रत्येक फायटरचा स्वभाव वेगळा असतो. एखादा बेडकाकडे ढुंकूनही पाहत नाही, तर एखादा त्याच्या पायांना टोचतो. उलट, लांब पंख हलताना दिसले की बेडूकही त्यांना अन्न समजून तोंड लावतो. वेगळी टाकी हाताशी असल्याशिवाय ही जोडी लावू नये. झेब्रा मासा भांडखोर नाही. मात्र तो इतका चपळ आहे की अन्न तळापर्यंत पोहोचू देत नाही. शांत असूनही सोबती म्हणून तो कमी पडतो.

अयोग्य सोबती : गोल्डफिश मोठा होतो, त्याला थंड पाणी मानवते आणि तोंडात मावेल ते तो चाखून पाहतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न व अन्य सिक्लिड मासे बेडकाला मारतात किंवा गिळतात. एंजल लहान असताना निभावतो, वाढल्यावर धोक्याचा ठरतो. टायगर बार्ब पाय व बोटे कुरतडतो. खेकडे, क्रेफिश, पफर मासे आणि पाण्यातील कासवे यांच्यासोबत बेडूक ठेवू नयेत. काच साफ ठेवण्यासाठी आणला जाणारा ‘सकर’ मासाही टाळावा, कारण तो फुटाहून मोठा होतो आणि मंद प्राण्यांच्या अंगावरील श्लेष्मा खरवडतो.

अन्न देण्याची पद्धत : गोठवलेल्या ब्लडवर्मची वडी टाकीत टाकली की टेट्रा ती पाण्यातच फस्त करतात. बेडकाला तोवर नुसता वास लागलेला असतो. तो पुढचे पाय फावड्यासारखे हलवत खडे चाचपतो, कधी खड्यावर तर कधी दुसऱ्या बेडकाच्या पायावर जबडा मारतो आणि तोंडात पाणी घेऊन थांबतो. हे रोज घडले की मासे गुबगुबीत होतात आणि बेडकाच्या पाठीचे हाड दिसू लागते. त्यावर उपाय म्हणून आधी टाकीच्या एका टोकाला माशांना खाणे देतात. मग दुसऱ्या टोकाला तळाशी मातीची छोटी ताटली ठेवून ड्रॉपरने तिच्यात ब्लडवर्म, डॅफ्निया किंवा आर्टेमिया सोडतात. ताटली एकाच जागी ठेवल्यास बेडकांना ती जागा पाठ होते. चिमट्याने भरवणेही शक्य असते. पाण्यावर तरंगणारे फ्लेक्स त्याच्या उपयोगाचे नाहीत. प्रौढ बेडकाला एक दिवसाआड खाणे पुरते.

आजार व औषधे : बेडकाची त्वचा पारगम्य असल्याने पाण्यातील औषध थेट अंगात जाते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वापरले जाणारे तांबेयुक्त औषध, फॉर्मॅलीन आणि टाकीत टाकायचे मीठ बेडकाला घातक ठरू शकते. त्यामुळे मासा आजारी पडल्यास त्याला वेगळ्या भांड्यात काढून उपचार करावेत. नवे मासे व नवे बेडूक सुमारे महिनाभर वेगळे ठेवून मगच एकत्र आणणे श्रेयस्कर. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकणे दोघांसाठीही गरजेचे आहे. बेडूक वरचेवर कात टाकतो. अंगावर लोंबणारा तिचा पांढुरका पापुद्रा अनेकांना बुरशी वाटतो आणि मासेही त्याला टोचू लागतात. खऱ्या बुरशीजन्य रोगांत कायट्रिडचा रोग सर्वांत गंभीर असून तो पाण्यातून पसरतो.

माणसांनाही थोडी काळजी घ्यावी लागते. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात बुटक्या बेडकांच्या संपर्कातून साल्मोनेलाची साथ पसरली. तिच्यात ४४ राज्यांत ३७६ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. टाकीत हात घातल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकीचे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतू नये.

प्रजनन : समागमाच्या वेळी नर मादीला कमरेशी धरतो आणि जोडी पृष्ठभागाशी उलटी होऊन अंडी घालते. मासे असलेल्या टाकीत अंडी व भैरे (बेडकाची पिल्ले) टिकत नाहीत. पैदास करायची असल्यास जोडी वेगळी ठेवावी. भैरे मांसाहारी असून अगदी सूक्ष्म जिवंत भक्ष्य शोषून घेतात.

पर्यावरणीय जबाबदारी : नको झालेले मासे वा बेडूक नदी-तलावात सोडू नयेत. घरच्या टाकीसाठी विकला जाणारा, मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आज उजनी जलाशयात मासेमारांच्या जाळ्यात सापडतो. मूळचा दक्षिण आफ्रिकेतील झेनोपस चिली, फ्रान्स व कॅलिफोर्नियात रुजून उपद्रवी ठरला आहे. कायट्रिड बुरशीचा संसर्ग उत्तर पश्चिम घाटातील बेडकांमध्ये असल्याचे नीलेश डहाणूकर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. बाहेरच्या बेडकांबरोबर तिचे आणखी वाण येण्याचा धोका असल्याने टाकीतून काढलेले पाणीही ओढ्यात वा शेततळ्यात टाकू नये. संसर्गाच्या याच भीतीने पावसाळ्यात बांधावरून पकडलेला गावठी बेडूक टाकीत आणणेही अयोग्य आहे. शिवाय त्याला जमीन लागते, आणि मोठ्या पिवळ्या बेडकाच्या तावडीतून टाकीतला छोटा मासा सुटत नाही.