मुरुड परिसरातील खिम्याचे गोळे : अंड्याविना बांधणीचा इतिहास

प्रस्तावना

मुरुडचा इतिहास म्हटला की जंजिरा किल्ला, सिद्दींची सत्ता आणि संभाजी महाराजांनी १६८१-८२ मध्ये घातलेला वेढा यांचीच चर्चा होते. या किनाऱ्यावरील माणसे घरात काय शिजवीत होती, हा प्रश्न मात्र अभ्यासकांनी गौण मानला. प्रस्तुत लेखात खिम्याचे गोळे या घरगुती पदार्थाचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे. आजच्या अनेक पाककृतींत खिमा बांधण्यासाठी अंडे आवश्यक मानले जाते व अंडे न घातलेले गोळे ही काटकसर किंवा पथ्य समजले जाते. हा समज ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ग्रंथगत पुरावा

'कोफ्ता' हा शब्द 'कुटणे' या अर्थाच्या फारसी 'कोफ्तन' या धातूपासून आला आहे. म्हणजे पदार्थाचे नावच त्याची कृती सांगते. बगदाद येथे १२२६ मध्ये सिद्ध झालेल्या अल्-बगदादीच्या पाकग्रंथात कुटलेल्या मांसाचे मसालेदार गोळे आहेत. काहींत हरभरे व तांदूळही आहेत. मांडूच्या सुलतानांच्या दरबारी इ. स. १५०० च्या सुमारास तयार झालेल्या 'निमतनामा'तही कोफ्त्यांच्या कृती आढळतात. तथापि हा पदार्थ केवळ बाहेरून आला असे म्हणता येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६-११३८) याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात वाटलेल्या मांसात मसाले मिसळून गोळे करण्याचे वर्णन आहे. नर्गिसी कोफ्त्यात अंडे असते, हे खरे. परंतु तेथे उकडलेले अंडे गाभ्यात असते आणि खिमा त्याला वेढतो.

अंडे मुबलक झाले तेही अलीकडे. गावठी कोंबडीची अंडी मोजकी असत व पिल्लांसाठीही राखावी लागत. महाराष्ट्रात व्यावसायिक कुक्कुटपालन १९७० नंतर वाढले आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मध्ये स्थापन झाली. रोजच्या स्वयंपाकात बांधणीसाठी अंडे वापरण्याची सोय या काळानंतरची आहे.

बांधणीचे तंत्र

कोकणी मुसलमान, कायस्थ प्रभू, कोळी, आगरी अशा मांसाहारी समाजांची वस्ती असलेल्या या किनाऱ्यावर पाटा-वरवंटा हे सर्वांचे समान साधन होते. मांस वाटताना मीठ घातले की त्यातील मायोसिन हे प्रथिन सुटे होऊन चिकटपणा येतो. उष्णता लागताच ते घट्ट होते व गोळा धरून ठेवते. डाळ्याचे पीठ, वाटलेली खसखस, भाजलेले खोबरे किंवा भिजवून पिळलेला पाव सुटणारे पाणी शोषून घेतो. अर्धा किलो खिम्यास एक लहान चमचा मीठ व दोन मोठे चमचे डाळ्याचे पीठ पुरते. खिमा हाताला चिकटू लागेपर्यंत मळावा, थोडा वेळ थंड जागी ठेवावा आणि गोळे मंद उकळत्या रश्श्यात सोडावेत. ते घट्ट होईपर्यंत डाव घालू नये. भांडेच अलगद फिरवावे.

हीच युक्ती शाकाहारी घरांतही आहे. गोळ्याच्या आमटीतील वाटल्या डाळीचे गोळे आणि विदर्भातील गोळाभातातील गोळे अंड्याविनाच टिकतात. पंक्ती वेगळ्या राहिल्या, तंत्र मात्र सामाईक राहिले.

मिश्र मांस आणि विश्वास

दोन मांसे एकत्र करण्यामागे व्यवहार आहे. कोंबडीचा खिमा कोरडा पडतो. त्यात चरबीयुक्त बोकडाचा खिमा मिसळल्यास गोळे मऊ होतात आणि थोडक्या मटणाची चवही पुरवठ्यास येते. परंतु खिमा झाला की मांस कोणत्या प्राण्याचे, हे डोळ्यांना कळत नाही. मुसलमानांना डुक्कर निषिद्ध, बहुसंख्य हिंदूंना गोमांस वर्ज्य; त्यात १९७६ चा महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा व २०१५ मध्ये अमलात आलेली त्याची दुरुस्ती यांमुळे गाय, बैल व वळू यांची कत्तल राज्यात गुन्हा ठरली. अशा समाजात मिश्र खिमा हा विश्वासाचा प्रश्न होतो. खाटकाकडून डोळ्यांदेखत मांस घेऊन ते घरी वाटणे यात चवीइतकीच खात्रीही असते. पाहुण्याने शंका न घेता गोळा तोंडात घालणे, ही त्या घरावरील विश्वासाची पावतीच होय.

निष्कर्ष

अंड्याविना गोळे बांधणे ही उणीव भरून काढण्याची तडजोड नसून मूळ पद्धत आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा-जंजिरा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. सत्तेचा हा इतिहास कागदावर राहिला. वाटणाचा अंदाज, मिठाची वेळ आणि गोळा सुटणार की धरणार हे बोटांनी ओळखण्याचे ज्ञान मात्र स्त्रियांच्या हातांत राहिले. मिक्सर व तयार खिम्याच्या काळात हे हात एकेक करून थांबत आहेत. महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांत, विविध समाजांच्या घरांतील अशा कृतींची मौखिक नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास किल्ल्याच्या तटाबाहेरील मुरुडही इतिहासात येईल.