अमीन सायानी: आवाजामागचा जाहिरातवाला

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी मुंबईत वारले. वय ९१. त्या आठवड्यात आपल्या शिरूर-दौंडच्या ग्रुपांवर मेसेजचा पूर आला आणि जवळजवळ प्रत्येकात 'आवाजाचा जादूगार' हेच शब्द होते. एकाने विचारलं, ते मुसलमान होते का? दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं, म्हणजे काय, आपलेच! मला दोन्हीपेक्षा तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या माणसाने भाकरी कमावली ती जाहिरातींवर. सुमारे १९ हजार जाहिराती आणि जिंगल्स त्यांच्या नावावर आहेत. जाहिरात म्हटलं की आपण शिक्षक मंडळी नाक मुरडतो. पण सगळ्यांना समजणारी हिंदुस्तानी लोकांच्या कानात रुजली ती साबण, टूथपेस्ट आणि अगरबत्तीच्या सोबतीने, हे मान्य करायला काय हरकत आहे?

ती भाषा त्यांना घरात मिळाली. आई कुलसुम सायानी प्रौढ साक्षरतेच्या कामात होत्या. १९४० पासून सुमारे वीस वर्षं त्यांनी 'रहबर' नावाचं पत्र चालवलं. नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी असलेलं हे पत्र नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिपींत निघायचं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. त्यामागे गांधीजींचं प्रोत्साहन होतं. शाळकरी अमीन त्या कामात आईला मदत करायचा. अवघड शब्द आला की तो बदलायचा, वाक्य लांबलं की तोडायचं. मी वर्गात दोन भाषा शिकवते, त्यामुळे मला हे किती कठीण ते ठाऊक आहे. अवघड लिहिणं कुणालाही जमतं हो!

गंमत अशी की याच मुलाला आकाशवाणीने हिंदीसाठी नापास केलं. वाचन ठीक आहे, पण उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे, असं कारण दिलं. तोवर ते मोठे भाऊ हमीद सायानींचं बोट धरून इंग्रजी कार्यक्रम करत होते. मग मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये रेडिओ सिलोनसाठी जे हिंदी कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचे, तिथे ते जाऊन बसू लागले. एक दिवस 'ओव्हलटीन फुलवारी'ची जाहिरात वाचायची संधी मिळाली. मोबदला होता आठवड्याला ओव्हलटीनचा एक छोटा डबा! म्हणजे हिंदीतली त्यांची सुरुवातच जाहिरातीने झाली.

पुढचा योग एका मराठी माणसाने जुळवून आणला, तोही नकळत. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीत प्रिय आणि चित्रपटगीतं हलकी वाटायची. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. ऐकणारे सिलोनकडे वळले, आणि त्यांच्या मागोमाग कंपन्या. आकाशवाणी जाहिराती घेत नव्हती, सिलोन घेत होतं. टूथपेस्टवाल्यांनी 'बिनाका गीतमाला' काढायचं ठरवलं, पण आठवड्याला २५ रुपयांत लिहिणं, बोलणं आणि आलेली पत्रं वाचणं हे सगळं करणारा कुणी मिळेना. अमीननी ते घेतलं. १९५२ च्या डिसेंबरात कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच खेपेला ९ हजार पत्रं आली, वर्षभरात आठवड्याला ६५ हजारांपर्यंत. मुंबईत रेकॉर्ड केलेली टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून बुधवारी रात्री आठला आपल्याकडे परत यायची. दौंड जंक्शनातल्या रेल्वेवाल्यांच्या घरांत बुधवारची जेवणं त्या हिशेबाने व्हायची, असं माझी नानी सांगायची. 'बहनों और भाइयों' मध्ये बहिणी आधी येतात, हे तिला फार आवडायचं.

सरकारला आपली चूक कळायला वेळ लागला. १९५७ मध्ये विविध भारती आली. जाहिराती आल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि पहिली केंद्रं होती मुंबई, पुणे, नागपूर. म्हणजे आपला भाग त्यात पहिल्या दिवसापासून.

सायानींचा मिश्कीलपणा प्रायोजित कार्यक्रमांत पुरता मोकळा सुटला. कापड कंपनीच्या 'एस. कुमार्स का फिल्मी मुकद्दमा'त ते सिनेनटांवर लुटुपुटूचा खटला भरायचे. मराठा दरबार अगरबत्तीचे कार्यक्रम कित्येक वर्षं चालले. १९६० ते ६२ या काळात त्यांनी टाटा ऑइल मिल्समध्ये हमाम आणि जय या साबणांचं कामही पाहिलं. विकायची वस्तू त्यांना आतून माहीत होती. एड्सवर लोक बोलायलाही घाबरत होते त्या दिवसांत त्यांनी 'स्वनाश' ही तेरा भागांची रेडिओ मालिका केली. साबणाची कला त्यांनी तिथे कामी आणली.

अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत साठ-सत्तर शब्द बसतात. मी नववीच्या मुलांना तेवढ्यात शिरूरच्या बाजारातली एखादी वस्तू विकायला सांगते, एकदा मराठीत, एकदा उर्दूत. पहिल्या खेपेला उर्दूत भारीभक्कम फारसी येते आणि मराठीत संस्कृत. मग मी म्हणते, हे तुझ्या अम्मीला वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागदांवर निम्मे शब्द सारखेच निघतात. 'उर्दू शिकून काय मिळणार?' असं विचारणाऱ्या पालकांना मी ते दोन कागद शेजारी ठेवून दाखवते.

घरातही त्यांनी असाच संसार केला. पत्नी रमा काश्मिरी पंडित घराण्यातल्या, माहेरचं आडनाव मट्टू. ग्रुपवर 'आपलेच' लिहिणाऱ्यांपैकी एकाला हे कळलं तेव्हा तो जरा गप्प झाला. रमा २००२ मध्ये गेल्या. सायानी त्यानंतरही काम करत राहिले. जुन्या गीतमालेच्या आठवणी नव्याने रेकॉर्ड केल्या, आणि त्या 'गीतमाला की छाँव में' या नावाने सारेगामाने काढल्या.